कुनेने, लिअर आणि जमिनीचा हिशेब

जोहान्सबर्गमधील एका सुखवस्तू घरात एक म्हातारा गोरा नट मरणपंथाला लागला आहे. यकृताचा कर्करोग हाताबाहेर गेला आहे, दारू सुटत नाही, आणि नेमक्या याच वेळी किंग लिअरची भूमिका त्याच्या पदरात पडली आहे. शुश्रूषेसाठी कोणी तरी गोरी परिचारिका येईल अशी त्याची समजूत. प्रत्यक्षात दारात उभा राहतो तो एक काळा पुरुष, वयाने जवळजवळ त्याच्याच बरोबरीचा. नट आहे जॅक मॉरिस. परिचारक आहे लुंगा कुनेने. रंगमंचावर पात्रे दोनच. जॉन कानी यांचे ‘कुनेने अँड द किंग’ हे नाटक येथून सुरू होते.

नाटक २०१९ साली रंगमंचावर आले. दक्षिण आफ्रिकेतील पहिल्या सार्वत्रिक मतदानाला त्या वर्षी पंचवीस वर्षे पुरी होत होती आणि नाटकाचा काळही तोच आहे. इंग्लंडमधील रॉयल शेक्सपिअर कंपनी व केपटाऊनचे फ्युगार्ड थिएटर यांनी ते मिळून उभे केले. दिग्दर्शन जॅनिस हनीमन यांचे. कुनेनेची भूमिका स्वतः कानी यांनी केली व जॅकची अँटनी शेर यांनी. शेर केपटाऊनमध्ये जन्मले, १९६८ साली देश सोडून लंडनला गेले आणि तेथे शेक्सपिअरच्या रंगभूमीवरील अग्रगण्य नट ठरले. लिअर त्यांनी २०१६ साली खरोखरच केला होता. जॅकची भूमिका करून दोन वर्षेही झाली नाहीत तोच डिसेंबर २०२१ मध्ये ते कर्करोगानेच गेले. या योगायोगाचे पुष्कळ भांडवल झाले; पण नाटकाचे मोल ठरविण्यासाठी त्याची गरज नाही.

हे नाटक पाहून बहुतेक समीक्षकांनी त्याला समेटाची कथा म्हटले. दोन म्हातारे भांडतात, एकमेकांना ओळखू लागतात, शेक्सपिअर त्यांना जोडतो, आणि मृत्यूच्या सान्निध्यात कातडीचा रंग गळून पडतो, असा हा सारांश. डाव्या चळवळीतील काहींना नेमक्या याच कारणासाठी असले नाटक नकोसे वाटते. त्यांचा आक्षेप सरळ आहे. दोन व्यक्तींची मैत्री दाखवायची आणि दोन वर्गांमधील मालकीचा प्रश्न तिच्या पांघरुणाखाली झाकून टाकायचा, ही भांडवली रंगभूमीची जुनी हातोटी होय. गोऱ्या प्रेक्षकाने डोळे पुसावेत, मन हलके करून घरी जावे, आणि घर मात्र त्याचेच राहावे. आक्षेपात तथ्य नाही असे नाही. परंतु या नाटकाला तो पूर्णपणे लागू पडत नाही. समेटवाल्यांनी नाटकातील भांडण नीट ऐकलेले नाही, आणि आक्षेप घेणाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेत मैत्री म्हणजे काय होते हे ध्यानात घेतलेले नाही.

वर्णविद्वेषी राजवटीने केवळ बाके, आगगाडीचे डबे आणि समुद्रकिनारे वेगळे केले नव्हते. गोरा आणि काळा यांच्यामध्ये कोणते नाते संभवते हेही कायद्याने ठरवून टाकले होते. काळा माणूस गोऱ्याच्या घरात राहू शकत होता, मात्र नोकर म्हणून, मागच्या अंगणातील खोलीत. जोहान्सबर्गच्या उंच इमारतींत नोकरांच्या खोल्या गच्चीवर असत. गोऱ्याचे मूल काळी बाई वाढवी, त्याचे अन्न ती शिजवी, त्याच्या म्हाताऱ्यांना ती न्हाऊमाखू घाली. स्पर्शाला बंदी कधीच नव्हती. बंदी होती ती बरोबरीला. हा फरक महाराष्ट्रातील वाचकाला समजावून सांगावा लागू नये.

कानींच्या स्वतःच्या आयुष्यातील एक हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. पोर्ट एलिझाबेथच्या न्यू ब्रायटन वस्तीतील हा तरुण साठच्या दशकात अॅथल फ्युगार्ड यांच्या सर्पंट प्लेअर्स या मंडळीत आला. फ्युगार्ड, कानी व विन्स्टन न्चोना या तिघांनी मिळून १९७२ साली ‘सिझ्वे बान्झी इज डेड’ व पुढच्या वर्षी ‘द आयलंड’ ही नाटके घडविली. पहिल्या नाटकाचा विषय काळ्या माणसाला सक्तीने बाळगावे लागणारे पासबुक हाच होता. परंतु काळ्या माणसाच्या पासबुकात ‘नट’ असा व्यवसाय लिहिण्याची सोयच नव्हती. म्हणून शहरात राहून नाटक करता यावे यासाठी कानी व न्चोना यांची सरकारी नोंद फ्युगार्ड यांचे घरगुती नोकर म्हणून करावी लागली. तिघे एकत्र बसून नाटक लिहीत, तालमी करीत. आणि सरकारदरबारी त्यांतील एक मालक व दोघे गडी होते. याच दोन नाटकांसाठी १९७५ साली कानी आणि न्चोना यांना न्यूयॉर्कमध्ये उत्कृष्ट अभिनयाचे टोनी पारितोषिक विभागून मिळाले. ज्या देशात मैत्रीलाही नोकरीचा दाखला काढावा लागत होता, तेथला नाटककार सत्तरी ओलांडल्यावर एका काळ्या परिचारकाला गोऱ्याच्या घरात पाठवितो, तेव्हा तो भाबडेपणाने पाठवीत नसतो. कुनेने पुन्हा त्याच घरात शिरतो आहे. फरक एवढाच, की या वेळी तो शिकलेला, नोंदणीकृत आणि स्वतःचा हक्क जाणणारा माणूस म्हणून शिरतो, आणि जॅकला हे समजून घ्यायला नाटकाचा बराचसा भाग लागतो. ‘तुम्ही लोक’ हा शब्दप्रयोग जॅकच्या तोंडी सहज येतो. तो प्रत्येक वेळी अडविला जातो. हे अडविणे हाच नाटकाचा खरा व्यवहार आहे.

आजार हा विषयही कानींनी उगाच निवडलेला नाही. त्या देशात रुग्णालय हे वर्णभेदाचे फार जुने आणि फार उघडे ठिकाण होते. सेसिलिया माकिवाने ही पहिली काळी नोंदणीकृत परिचारिका १९०८ सालची. तरीही १९५७ च्या कायद्याने परिचर्येच्या व्यवसायाचा कारभार गोऱ्यांच्या हाती दिला आणि काळ्या परिचारिकेने गोऱ्या परिचारिकेवर देखरेख करणे निषिद्ध ठरविले. काळ्या परिचारिकांनी त्या कायद्याविरुद्ध निदर्शने केली, हे चळवळीच्या इतिहासात पुरेशा ठळकपणे नोंदले जात नाही. केपटाऊनच्या ग्रूट स्कूर रुग्णालयात जानेवारी १९६८ मध्ये डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी दुसरे हृदयारोपण केले. हृदय होते क्लाइव्ह हॉप्ट या मिश्रवर्णीय तरुणाचे. ते बसविले गेले फिलिप ब्लायबर्ग या गोऱ्या दंतवैद्याच्या छातीत. ब्लायबर्ग त्या हृदयावर दीड वर्षाहून अधिक काळ जगला. ज्याचे हृदय त्याने घेतले तो जिवंत असताना त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपू शकला नसता, कारण वॉर्ड वेगळे होते. साऱ्या जगाने ही विसंगती पाहिली आणि वॉर्ड तसेच राहिले.

स्टीव्ह बिको हा मुळात वैद्यकाचा विद्यार्थी. सप्टेंबर १९७७ मध्ये पोलिसांच्या मारहाणीने त्याच्या मेंदूला इजा झाली तेव्हा त्याला तपासायला डॉक्टर आले होते. तरीही त्या अवस्थेत त्याला नागव्याने मोटारीत घालून हजार किलोमीटरांहून दूर प्रिटोरियाला नेण्यात आले आणि १२ सप्टेंबर रोजी तो मेला. वैद्यक परिषदेने त्या डॉक्टरांना आधी निर्दोष ठरविले. व्यवसायातील काही गोऱ्या आणि गौरेतर सहकाऱ्यांनी न्यायालयात जाऊन परिषदेला भाग पाडले, तेव्हा १९८५ साली त्यांच्यापैकी एकाचे नाव नोंदवहीतून काढण्यात आले. खाटेवर पडलेला देह कोणाचा, यावर वैद्यकाचा धर्म ठरत असे. या पार्श्वभूमीवर कुनेने आपल्या रुग्णाची सेवा चोख करतो, त्याचे टोमणे सोसत नाही पण औषधाची वेळही चुकवीत नाही, याला वेगळे वजन येते. ती गांधीवादी क्षमाशीलता नव्हे. व्यवसायाचा अभिमान आहे. ज्या व्यवसायात त्याच्या लोकांना दुय्यम ठेवले गेले तो व्यवसाय तो गोऱ्यांपेक्षा अधिक निष्ठेने करून दाखवितो.

दोघांमधला सर्वांत रंगलेला भाग शेक्सपिअरचा. जॅकला वाटते की हा आपला प्रांत. कुनेनेने शाळेत एकच नाटक वाचलेले असते, ‘ज्युलिअस सीझर’, आणि तेही खोसा भाषेत, बी. बी. म्डलेडले यांच्या भाषांतरातून. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याखाली काळ्या मुलांना जे तुटपुंजे शिक्षण दिले गेले त्यातला हा तुकडा. कानींचीही शेक्सपिअरशी पहिली भेट याच भाषांतरातून झाली. तो खोसा अँटनी रंगमंचावर घुमतो तेव्हा जॅकची मक्तेदारी डळमळते. याचा अर्थ शेक्सपिअरने वर्णभेद मिटविला असा काढणे बालिशपणाचे ठरेल. शेक्सपिअर राज्यकर्त्यांबरोबर आला, त्यांच्या शाळांतून शिकविला गेला. पण तो त्यांच्या हातात राहिला नाही. रॉबेन बेटावरील तुरुंगात सनी वेंकटरत्नम या राजबंद्याने शेक्सपिअरचे समग्र वाङ्मय दिवाळीच्या भेटकार्डांतील देवादिकांची चित्रे चिकटवून, धर्मग्रंथ म्हणून पहारेकऱ्यांच्या नजरेतून वाचविले. सोबत्यांनी त्यात आपापल्या आवडीच्या उताऱ्यांपुढे सह्या केल्या. नेल्सन मंडेला यांची १६ डिसेंबर १९७७ ची सही ‘ज्युलिअस सीझर’मध्येच आहे.

त्याआधीचा एक धागा अधिक महत्त्वाचा आहे. सीझरचे सेत्स्वाना भाषेत भाषांतर करणारे सोल प्लाट्ये हे १९१२ साली स्थापन झालेल्या व पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या नावाने ओळखल्या गेलेल्या संघटनेचे पहिले सरचिटणीस. १९१३ च्या जमीन कायद्याने काळ्या बहुसंख्याकांसाठी देशाची जेमतेम सात टक्के भूमी राखून ठेवली. पुढे १९३६ मध्ये ती वाढवून तेरा टक्क्यांच्या आसपास नेण्याचे ठरले. त्या कायद्याने रस्त्यावर आलेल्या कुटुंबांमध्ये हिंडून प्लाट्ये यांनी त्यांची दैना ग्रंथरूपाने १९१६ साली जगापुढे मांडली. शेक्सपिअरचा भाषांतरकार आणि जमीन कायद्याचा आरोपकर्ता एकच. ‘किंग लिअर’ची सुरुवात कशाने होते? नकाशा मागवून राज्याची वाटणी करण्याने. एका म्हाताऱ्याच्या लहरीने भूमीचे तुकडे पडतात आणि त्यावर राहणाऱ्यांना कोणी विचारीत नाही. जॅकला लिअर म्हणजे बापाची शोकांतिका. ज्याच्या लोकांची भूमी अशाच नकाशावर वाटली गेली त्या माणसाला लिअरचा पहिला प्रवेश निराळा दिसणारच. नाटकातील कुनेनेही लिअरकडे आपल्या रीतीरिवाजांच्या नजरेतून पाहतो आणि जॅकला अडाणी वाटणारे प्रश्न विचारतो. ते प्रश्न अडाणी नाहीत.

(मराठी प्रेक्षकाला येथे ‘नटसम्राट’ आठवल्यावाचून राहणार नाही. १९७० च्या त्या नाटकावरही लिअरची छाया आहे, तेथेही म्हातारा नट आहे, आणि घराने टाकलेल्या बेलवलकरांना आधार मिळतो तो बूटपॉलिश करणाऱ्या राजाचा. पण राजाची स्वतःची कहाणी शिरवाडकरांनी नटाच्या कहाणीला पूरक म्हणूनच ठेवली. कानींनी राजाला नाटकाचा निम्मा वाटा दिला आहे, आणि लेखणीही त्याच्याच बाजूची आहे. तुलना येथे थांबते.)

नाटकात उणिवा आहेत. पंचवीस वर्षांचा सारा हिशेब दोन माणसांच्या तोंडून वदवून घेण्याच्या हव्यासात काही संवाद संवाद न राहता भाषणे होतात. गोऱ्याच्या घरातील शुश्रूषेचा भार दक्षिण आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या वाहिला तो काळ्या स्त्रियांनी. त्यांची जागा येथे पुरुषाने घेतली आहे. दोन पुरुषांची बरोबरीची झुंज लावण्यासाठी नाटककाराला ते सोयीचे होते हे खरे, पण त्यामुळे एक फार मोठी मूक जमात पुन्हा एकदा पडद्याआड राहिली.

तरीही एका गोष्टीत कानी ठाम आहेत: क्षमा स्वस्त करायची नाही. त्यांच्या धाकट्या भावाला १९८५ साली पोलिसांनी गोळी घातली. सत्य व समेट आयोगापुढे पांढऱ्यावर काळे झाल्यानंतरही न मिटणारे दुःख त्यांनी २००२ च्या ‘नथिंग बट द ट्रुथ’ या नाटकात मांडले होते. त्या आयोगाने अत्याचार कबूल करणाऱ्यांना माफी देण्याची तरतूद वापरली, आणि त्याबरोबरच भरपाईची व वर्णभेदाच्या काळात गब्बर झालेल्या उद्योगांकडून वसुली करण्याची शिफारस केली. माफीचा भाग अमलात आला. भरपाई म्हणून २००३ साली सरकारने प्रत्येक नोंदलेल्या पीडिताला एकरकमी तीस हजार रँड जाहीर केले. संपत्तीवरील कराची सूचना फेटाळली. समेटाच्या दोन बाजूंपैकी पैशाची बाजू कोणी उचलली नाही. २०१७ च्या सरकारी पाहणीनुसार व्यक्तींच्या नावे असलेल्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांकडे होती. लोकसंख्येत त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी आहे. हे आकडे ज्याच्या पाठीशी उभे आहेत तो कुनेने जॅकशी मैत्री करतो, पण त्याला पावती देत नाही.

समेटाची गोष्ट मानणाऱ्यांना आणखी एक विचारायला हवे. जॅकच्या उशाशी रात्रंदिवस परिचारक आला कसा? कारण तो पैसे मोजू शकतो. दक्षिण आफ्रिकेत खाजगी आरोग्य विम्याच्या छत्राखाली लोकसंख्येचा साधारण सहावा हिस्सा आहे, आणि देशाच्या आरोग्यखर्चाचा जवळजवळ अर्धा भाग या हिश्श्यावर होतो. बाकीच्यांसाठी सरकारी दवाखाने आणि सोवेटोतील बाराग्वानाथसारखी तुडुंब भरलेली रुग्णालये. १९९४ नंतर कायद्यातील रंग गेला. खाटांची वाटणी पुष्कळशी तशीच राहिली, आणि तिला आता बाजार असे नाव आहे.

या वाटणीविरुद्ध त्या देशात लढा झाला नाही असे मात्र नव्हे, आणि दोन वर्णांची माणसे खऱ्या अर्थाने मित्र झाली असतील तर ती त्या लढ्यात. एचआयव्हीची साथ पसरत असताना औषधे वर्षाला दहा हजार डॉलरांच्या वर होती. औषधे स्वस्त करणाऱ्या दक्षिण आफ्रिकी कायद्याविरुद्ध ३९ औषध कंपन्या प्रिटोरियाच्या न्यायालयात गेल्या. १९९८ साली स्थापन झालेल्या ट्रीटमेंट अॅक्शन कँपेनचे कार्यकर्ते, काळे, गोरे, रुग्ण, परिचारिका, वकील, एकच सदरा घालून रस्त्यावर उतरले. एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांना दावा मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचे मिश्रण वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केले. सिप्ला ही धर्मादाय संस्था नव्हे. परंतु औषधाच्या पदार्थावर मक्ता न देता केवळ कृतीवर देणारा भारताचा १९७० चा पेटंट कायदा नसता तर मुंबईत ते औषध तयारच झाले नसते. संसदेने केलेल्या एका कायद्याने सोवेटोतील रुग्ण जगला, ही मैत्री कोणत्याही नाटकात येत नाही. पुढे शत्रू घरातला निघाला. एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच नाकारणाऱ्या मबेकी यांच्या सरकारने औषधवाटपात चालढकल केली. संघटनेने स्वतःच्या मुक्तिसरकारला घटना न्यायालयात खेचले आणि जुलै २००२ मध्ये गरोदर स्त्रियांना औषध देण्याचा हुकूम मिळविला. या दिरंगाईने तीन लाखांहून अधिक जीव गेले, असा पुढे संशोधकांनी अंदाज बांधला. मुक्तिलढ्याचा वारसा सांगणाऱ्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

फेब्रुवारी व मार्च २०२५ मध्ये हे नाटक वॉशिंग्टनमध्ये झाले. कुनेने पुन्हा कानीच होते. वय ऐंशीच्या पुढे. त्याच शहरातून ७ फेब्रुवारी रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांचा हुकूम निघाला होता. दक्षिण आफ्रिकेने त्या जानेवारीत केलेला जमीन संपादनाचा कायदा हे एक निमित्त दाखवून तिची मदत बंद करण्यात आली आणि आफ्रिकानेर गोऱ्यांना निर्वासित म्हणून आश्रय देऊ करण्यात आला. मे महिन्यात त्यांची पहिली तुकडी विमानाने अमेरिकेत उतरली. दक्षिण आफ्रिकेच्या एचआयव्ही कार्यक्रमाचा सुमारे १७ टक्के भार अमेरिकी मदतीवर होता. तो काढून घेतला गेल्यावर नोकरी गमावणाऱ्यांत समुपदेशक, परिचारक, आरोग्यसेविका होत्या. एका बाजूला रंगमंचावर काळा परिचारक मरणाऱ्या गोऱ्याला आधार देत होता, आणि दुसऱ्या बाजूला गोऱ्यांच्या नावाने काळ्या रुग्णांच्या औषधाचा पैसा तोडला जात होता.

नाटकाचा शेवटचा भाग जॅकच्या घरात घडत नाही. तो कुनेनेच्या सोवेटोतील घरात घडतो. ज्याने काळ्या माणसाला आपल्या घरात यजमान म्हणून अनिच्छेने घेतले, तो तेथे पाहुणा आहे, आणि पाहुण्याला कसे वागवायचे हे आता घरमालक कुनेने ठरविणार आहे. या घरमालकाचे वयही झालेले आहे. तो अंथरुणाला खिळला तर त्याच्या उशाशी कोण बसणार, याची सोय करण्याच्या उद्देशाने दक्षिण आफ्रिकेच्या अध्यक्षांनी मे २०२४ मध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या कायद्यावर सही केली. पंधरा दिवसांनी झालेल्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाची मते चाळीस टक्क्यांवर घसरली व १९९४ पासूनचे बहुमत गेले. कायद्यावर सही होताच त्याच्याविरुद्ध दावे दाखल होऊ लागले. दावे करणाऱ्यांत खाजगी विमा योजनांच्या आणि डॉक्टरांच्या संघटना होत्या.